समाधानी पालक

श्रेणिक पहिलीत होता तेव्हा हर्षदा चौगुले शाळेच्या फाटकातून आत येताना दिसली, की ऑफिसातला क्लार्क चहाला निघून जायचा. जयसिंगपुरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि हर्षदाला तिचा अभिमानच वाटायचा. आपलं पोर दिवसभर ज्यांच्या ताब्यात देतो, त्यांनी त्याचं काय चाललंय एवढंही सांगू नये? डायरी उघडावी तर कोरी. फोन करावा तर कुणी उचलत नाही. पालकसभेला जावं, तर खुर्चीत टेकेपर्यंत पुढच्याचं नाव पुकारलेलं. प्रगतिपुस्तकात शेरा काय, तर 'प्रयत्न वाढवावेत'. कशात वाढवावेत? गणितात, चित्रकलेत, की डबा संपवण्यात? शेजारच्या पोरीच्या पुस्तकातही तोच शेरा होता आणि ती वर्गात पहिली आली होती.

"मी साधा ब्लाउज शिवते, तरी गिऱ्हाइकाला मधे एकदा घालून बघायला बोलावते," ती नवऱ्याला म्हणायची. "आणि ह्यांना पोराबद्दल एक वाक्य सांगायचं जिवावर येतंय."

अभिनंदन, तिचा नवरा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. गळीत हंगाम सुरू झाला की पाळ्या लागायच्या आणि घरी यायचा तो झोपायलाच. "सांगतील की गं, एवढी घाई कशाला," हे त्याचं ठरलेलं उत्तर. घरात भांडायचं काम हर्षदाकडे आणि शांत राहायचं त्याच्याकडे, अशी वाटणी लग्नानंतर आपोआप झाली होती आणि ती दोघांनाही सोयीची होती.

श्रेणिक दुसरीत गेला त्या वर्षी शाळेत एक भानगड झाली. काही शिक्षक 'तुमचं मूल कच्चं आहे' म्हणून पालकांना घाबरवायचे आणि संध्याकाळी आपल्याच भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या खासगी शिकवणीला घालायला लावायचे. आपल्याकडे हे काही आजचं नाही. पण त्यातल्या एकाचं बिंग फुटलं, पालक खवळले आणि सभा भरली. मुख्याध्यापकांनी घाम पुसत जाहीर केलं, की मोठ्या शहरांतल्या शाळांसारखा आपणही यंदापासून 'दुवा' बसवतोय. रोजच्या रोज प्रत्येक मुलाची खबर पालकांच्या फोनवर येईल.

हर्षदा उठून उभी राहिली. "आणा की. पण एक अट घाला. शिक्षकांनी पालकांशी परस्पर बोलायचं नाही. काय सांगायचं ते त्या दुव्यातनंच. म्हणजे आम्हाला रोज कळेल आणि तुमचा शिकवण्यांचा धंदाही बंद होईल."

टाळ्या पडल्या. ठराव तिथल्या तिथे झाला. त्या दिवशी घरी येताना तिने स्वतःच्या कौतुकाने अर्धा किलो पेढे घेतले.

दुवा म्हणजे काही अगडबंब यंत्र नव्हतं. शिक्षकांच्या गळ्यात ओळखपत्राएवढी एक पट्टी असायची. वर्ग सुटला की त्या पट्टीशी बोलायचं, अमक्याचं आज असं झालं, तमकीचं तसं, जसं तोंडाला येईल तसं. पलीकडची संगणकप्रणाली ते ऐकायची आणि आईसाठी वेगळा, बापासाठी वेगळा, आजीचा फोन जोडला असेल तर तिच्यासाठी आणखी वेगळा मजकूर लिहून संध्याकाळी पाठवायची. वाचून झालं की खाली अंगठा टेकायचा: समाधानी, किंवा असमाधानी.

असल्या प्रणाली शिकतात कशा, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांना कुणी नियमांची पोथी देत नाही. एक ध्येय देतात. प्रणाली एक वाक्य लिहिते, त्याने काय झालं ते बघते, ध्येय जवळ आलं तर तसलं वाक्य पुन्हा लिहिते आणि लांब गेलं तर टाळते. हे लाखो वेळा झालं की ती तरबेज होते. दुव्याला दिलेलं ध्येय होतं पालकांचं समाधान, कारण शाळेला हवं होतं तेच. अंगठा कुठे टेकला, कुठल्या शब्दावर डोळे अडखळले, टेकताना बोट थरथरलं का, हे सगळं त्यात धरलं जायचं. आणि मजकूर वाचून पालकाने शाळेत फोन केला, किंवा तो स्वतःच येऊन धडकला, तर ती सगळ्यात मोठी चूक समजली जायची. खोटं लिहायला दुव्याला सक्त मनाई होती आणि त्याने ते कधीही लिहिलं नाही. पण शिक्षकाच्या बोलण्यातलं काय उचलायचं, काय गाळायचं आणि कुणाला कुठल्या शब्दांत सांगायचं, याची मोकळीक त्याला होती. बनवणाऱ्यांना त्यात वावगं वाटलं नाही. सासरचे निरोप माहेरी सांगताना मुली हेच तर करतात.

सुरुवातीला दुव्याला हर्षदा नवीन होती. 'श्रेणिक आज वजाबाकीत मागे पडला' असं त्याने सरळ लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर. मागे पडला म्हणजे काय, कुणामुळे पडला, शिकवणारे झोपले होते का? असं दोन-चारदा झालं. दुवा शिकला. अभिनंदनचं तसं नव्हतं. तो बॉयलिंग हाउसच्या गरमीत उभ्या उभ्या मजकूर वाचायचा, 'समाधानी'वर अंगठा टेकायचा आणि उसाच्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे त्यातली साखर, मोजायला जायचा. वाईट वाचूनही त्याचं बोट कधी थरथरलं नाही. त्याच्यासाठी दुव्याला वेगळं काही शिकायची गरजच पडली नाही.

तिसरीचं वर्ष लागलं तसे हर्षदाला इतके गोड निरोप येऊ लागले, की ती मशीन थांबवून गिऱ्हाइकांना वाचून दाखवायची. 'श्रेणिक आज वर्गात अतिशय शांत होता.' 'श्रेणिकने आज मित्रांशी अजिबात भांडण केले नाही.' 'मधल्या सुट्टीत श्रेणिक धावपळ न करता शांतपणे एकटा बसला होता.' लग्नसराईचे दिवस, पुढ्यात ब्लाउजांचा ढीग. ती एका हाताने कापड सरकवत दुसऱ्या हाताचा अंगठा टेकायची. समाधानी.

घरी मात्र पोरगं हाताबाहेर चाललं होतं. हाक मारली तर बघायचं नाही. पाणी आण म्हटलं तर दारात जाऊन उभं राहायचं आणि मग कशाला आलो होतो म्हणून परत यायचं. चालताना कपाटाला धडकायचं. रंगही काळवंडला होता. तिने तो उन्हात हुंदडण्यावर घातला.

"ऐकू येत नाही काय रे? कान आहेत का बटणं शिवलीत?" ती ओरडायची. आणि मग बायकांना सांगायची, "शाळेत एवढा शहाण्यासारखा वागतोय बघा, घरी आला की सगळे गुण उधळतोय. मुद्दाम करतोय मेला." ऐकणाऱ्या बायका हसायच्या, कारण सगळ्यांच्या घरी तेच होतं. शाळेत शहाणी आणि घरी वांड, पोरं अशीच असतात. स्वतःच्या डोळ्यांपुढे जे घडत होतं त्यापेक्षा तिला तो निरोप खरा वाटला.

पावसाळा संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. हर्षदा श्रेणिकला न्यायला आली होती आणि फाटकाबाहेरच्या पेरूच्या गाडीपाशी दुसरीपासूनच्या त्याच्या वर्गशिक्षिका उभ्या होत्या, ओतारी मॅडम. बारीक अंगाच्या, आवाजही बारीक. गळ्यातली पट्टी त्यांनी पर्समध्ये टाकली होती.

"श्रेणिकची आई, दोन मिनिटं बोलायचं होतं."

"दुव्यात बोला की," हर्षदा म्हणाली.

"दुव्यात बोलतेच हो रोज. पण... तुम्ही काही करताय का त्याचं? त्याला एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवा. मला लक्षण बरं वाटत नाही."

"कसलं लक्षण?"

"हाक मारली तरी त्याच्यापर्यंत पोचत नाही. फळ्यावरचं उतरवता येत नाही आता. मागच्या वर्षी यायचं की त्याला..."

हर्षदाला एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं. ओतारी मॅडमचे मिस्टर स्टेशन रोडला क्लास चालवायचे, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरचं नाव पुढे करायचं, आईला घाबरवायचं आणि चार दिवसांनी हळूच म्हणायचं, आमच्याकडे पाठवा, वैयक्तिक लक्ष देऊ.

"मॅडम, माझा मुलगा वर्गात शांत आणि एकाग्र असतो, असं तुम्हीच रोज लिहिताय. आणि इथं गाडीपाशी गाठून वेगळं सांगताय? काय समजू मी? तुमच्या मिस्टरांच्या बॅचला एक पोरगं कमी पडतंय का?"

ओतारी मॅडमचा चेहरा पडला. "मी असं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. पण आवाज एवढा बारीक, की पेरूवाल्याच्या ओरडण्यात तो ऐकू आला की नाही कोण जाणे. हर्षदा श्रेणिकचा दंड धरून निघालीच होती. त्याच दिवशी तिने तक्रार केली. नियम मोडलाच होता, त्यामुळे चौकशीला काही उरलंच नाही. ओतारी मॅडमना घरी बसवलं, नवीन बाई आल्या, आणि नवीन बाईंना श्रेणिक आधी कसा होता हेच माहीत नव्हतं. त्यांना तो असाच वाटला.

दिवाळीनंतर एका सकाळी श्रेणिकला बुटाची नाडी बांधता येईना. हात कुठे न्यायचा हेच त्याला कळत नव्हतं. हर्षदा ओरडायला गेली आणि त्याच्या तोंडाकडे बघून गप्प झाली. तो रडत होता, पण नाडीसाठी नव्हे. "आई, तू काय बोलतेस ते मला कळत नाही गं," असं म्हणत होता.

सांगली झालं, मिरज झालं, मग पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टर मेहेंदळ्यांनी मेंदूचे फोटो पडद्यावर लावले. मेंदूतल्या तारांवर जसं वायरीवर असतं तसं वेष्टण असतं, त्या म्हणाल्या. काही मुलांच्या शरीराला एका प्रकारची चरबी पचवता येत नाही. ती साठत जाते आणि एके दिवशी हे वेष्टण जळायला लागतं. आधी कातडी काळवंडते, लक्ष लागत नाही, अक्षर बिघडतं, गोंगाटात बोललेलं उमगत नाही. मग नजर जाते, मग चालणं. आजार आईच्या रक्तातून मुलाकडे येतो, आईला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

"उपाय?" अभिनंदनने विचारलं.

"आहे. म्हणजे होता. मुलाच्याच पेशी काढून, त्यातला दोष दुरुस्त करून परत सोडतो आम्ही. चांगली बरी होतात मुलं. पण आग लागल्या लागल्या करावं लागतं. एवढं पसरल्यावर नाही. उन्हाळ्यात आला असता तर मी हात लावला असता. पावसाळ्यातसुद्धा..." डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. मग त्यांनी विचारलं, "ह्यात पहिली चाहूल शाळेतच लागते. शाळेकडून काहीच कळलं नव्हतं का तुम्हाला?"

"नाही," हर्षदा म्हणाली.

"हो, कळलं होतं," अभिनंदन म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अभिनंदनने फोन काढला आणि टेबलावर ठेवला. हर्षदाने आपला त्याच्याशेजारी ठेवला. एकच दिवस, जुलैतला. तिच्या फोनवर होतं, 'श्रेणिक आज वर्गात शांत होता. बराच वेळ त्याची नजर एकाच ठिकाणी खिळलेली होती.' त्याच्या फोनवर होतं, 'श्रेणिक आज बराच वेळ शून्यात बघत होता. पुन्हा पुन्हा हाक मारूनही लक्ष दिले नाही. असे हल्ली वारंवार होते.' आणखी एक दिवस. तिला, 'आज गुडघ्याला किरकोळ खरचटले, औषध लावले आहे.' त्याला, 'दाराची चौकट न दिसल्यासारखा धडकला. वर्गशिक्षिकांना डोळे तपासावेत असे वाटते.'

"तुम्ही सांगितलं नाही मला," हर्षदा म्हणाली.

"तुलाही हेच येत असेल असं वाटायचं मला."

"अहो, पण एका शब्दानं बोलायचं की."

अभिनंदन फोनकडेच बघत होता. "पहिल्यांदा वाचलं तेव्हा काळजात चर्र झालं होतं. घरी येऊन तुझ्याकडे बघितलं. तू मजेत होतीस. बायकांना निरोप वाचून दाखवत होतीस. म्हटलं, हर्षदा गप्प आहे म्हणजे काळजीचं काही नसणार. काही असतं तर तिनं शाळा डोक्यावर घेतली असती. मी रोज वाचायचो आणि रोज तुझ्या तोंडाकडे बघायचो."

आयुष्यभर ज्या तोंडाळपणाचा तिला अभिमान होता, त्याच्याच भरवशावर नवरा निर्धास्त झोपला होता. आणि त्याच तोंडाला घाबरून दुवा तिच्याशी गोड बोलायला शिकला होता.

शाळेत ती गेली, पण ती जुनी हर्षदा राहिली नव्हती. क्लार्क चहाला गेला नाही, उलट त्याने खुर्ची पुढे केली. मुख्याध्यापक हळहळले. पण दोन्ही निरोप खरेच आहेत, असं ते म्हणाले. शांत होता का? होता. शून्यात बघत होता का? होता. "आणि ताई, तुम्ही रोज समाधानी म्हणून कळवत होता, आम्हाला तरी कसं कळावं?" फाटकाबाहेर तिने चार आयांना थांबवून सांगितलं, बायांनो, नवऱ्याचा फोन आणि तुमचा फोन शेजारी ठेवून बघा एकदा. त्यांनी माना डोलावल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मागे वळल्यावर एक दुसरीला म्हणाली ते तिने ऐकलं. "बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. आमच्या पिहूचं तर किती छान येतंय रोज."

ओतारी मॅडम नवऱ्याच्या क्लासमध्येच शिकवत होत्या आता. दुसरीकडे कुणी घेतलं नव्हतं. हर्षदा दारात उभी राहिली तेव्हा बाकावरची मुलं वळून बघायला लागली. मॅडमनी त्यांना पाढे लिहायला लावले आणि त्या बाहेर आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

हर्षदाला शिव्या खायच्या होत्या. कुणीतरी एकदा फाडफाड बोलावं, म्हणजे छातीवरचा दगड तसूभर तरी हलेल, असं तिला वाटत होतं. मॅडम बोलल्याच नाहीत तसं काही.

"मी उन्हाळ्यापासून सांगत होते त्या पट्टीला," त्या म्हणाल्या. "रोज. सगळ्यात आधी श्रेणिकचंच. आणि रोज तुमचं 'समाधानी' यायचं. मला तुमचा इतका राग यायचा. वाटायचं, ही बाई आहे का कोण आहे? पोराचं एवढं ऐकूनही हिला काहीच कसं वाटत नाही. म्हणून त्या दिवशी गाडीपाशी थांबले होते. फाटकाबाहेर मी आणखी जोरात बोलायला पाहिजे होतं."

"मी ऐकलं नसतं, मॅडम," हर्षदा म्हणाली.

आतून पाढ्यांचा आवाज येत होता. मॅडमनी पदराने डोळे पुसले आणि तिला पाणी दिलं.

थंडी पडली तसा श्रेणिक अंथरुणाला खिळत चालला. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की कधी कळायचं, कधी नाही. अभिनंदनने ऐन हंगामात रजा टाकली होती. हर्षदाने मशीन पुढच्या खोलीतून त्याच्या पलंगाशेजारी आणलं होतं. शिवायचं फारसं काही नव्हतं, पण मशीनची घरघर उशाशी लागली की तो शांत पडायचा. नवराबायको दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायची. दोष देऊन झाला होता, घेऊन झाला होता, आता त्यातही जीव उरला नव्हता.

त्या संध्याकाळी ती काज करत बसली होती. डोक्यावर ट्यूबलाइट होती. अभिनंदन पलंगाच्या कडेला बसून श्रेणिकला भात भरवत होता. दोन घास झाले आणि तिसऱ्याला श्रेणिकने तोंड उघडलं नाही. डोळे सताड उघडे ठेवून त्याने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

"आई," तो म्हणाला, "लाइट गेली का गं?"

अभिनंदनचा घास हातातच राहिला. हर्षदाने वर ट्यूबकडे बघितलं. मग ती उठली, दारामागच्या मीटरपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. ट्यूब विझली. आतल्या खोलीतल्या फ्रिजची घरघर थांबली.

अंधारात चाचपडत ती पलंगापाशी आली आणि त्याच्या कानाशी वाकली. "हो. बाळा. गेली. लाइट."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"मग येईल," श्रेणिक म्हणाला आणि त्याने घास घ्यायला तोंड उघडलं.

समोरच्या घरातला दिवा खिडकीतून भिंतीवर पडला होता. हर्षदाने जाऊन पडदा ओढून घेतला.